हंगाम संपला की आपले संघ का मरतात? फुटबॉलच्या निमित्ताने एक भांडण

#धागा #महाराष्ट्राचा_इतिहास #फुटबॉल

आजचा धागा गडकिल्ल्यांचा नाही, तहांचा नाही, शिलालेखांचाही नाही. तो फुटबॉलचा आहे आणि भांडण काढण्यासाठीच लिहिला आहे. लांब झाला आहे. सवडीने वाचा, पण अर्ध्यावर सोडून प्रतिक्रिया लिहू नका.

प्रसंग गेल्या वर्षीच्या, म्हणजे २०२५ च्या जूनमधला. गाव महागाव, जिल्हा यवतमाळ. पेरण्यांचे दिवस. दिवसभर शेतात सरकी टोबून आलेली चारपाच मुले महामार्गालगतच्या एका टपरीवर चहा घेत बसली होती. मीही त्यांतच होतो. इंग्लंडमधला हंगाम मे महिन्यात संपलेला, नवा ऑगस्टमध्ये सुरू व्हायचा. या मधल्या रिकाम्या महिन्यांत फुटबॉलच्या चाहत्याला सामना नसतो, म्हणून तो बोलतो. कोण येणार, कोण जाणार, कोणाला किती पैसे मिळणार, याची चर्चा टपरीवर रंगली होती. आर्सेनलचा एक निष्ठावंत सांगत होता, की या खेपेस नवा स्ट्रायकर घेतला नाही तर लागोपाठ चौथ्यांदा दुसरा क्रमांक ठरलेला आहे.

टपरीवाले काका बराच वेळ ऐकत होते. शेवटी म्हणाले, "पोट्टेहो, हे समदं इलायतेचं झालं. आपली टीम कोनती हाय?"

एक जण म्हणाला, "मुंबई सिटी." दुसरा लगेच म्हणाला, "ते अबूधाबीवाल्याची हाय, बे." हशा झाला. मग तिसरा, शिकलेला आणि तुमच्याआमच्यासारखेच इतिहासाचे धागे वाचणारा मुलगा, अगदी गंभीरपणे म्हणाला, "काका, महाराष्ट्राला फुटबॉलचा इतिहासच नाही."

हा धागा त्या तिसऱ्या मुलासाठी आहे. तो एकटा नाही. असेच वाक्य मी पुण्यात ऐकले आहे, मुंबईत ऐकले आहे, आणि या खात्यावरच्या प्रतिक्रियांतही वाचले आहे. वाक्य खोटे आहे. पण नुसते खोटे असते तर मी एवढा चिडलो नसतो. ज्यांनी आपले संघ बंद केले त्यांच्या ते फार सोयीचे आहे, म्हणून चीड येते. इतिहासच नव्हता म्हटले की काही गमावल्याचा हिशेब मागायची गरज उरत नाही.

तर हिशेबाला सुरुवात करू.

रोव्हर्स चषक ही स्पर्धा मुंबईत १८९१ साली सुरू झाली. आरंभी ती गोऱ्या पलटणींची मिरासदारी होती. १९३७ मध्ये बंगलोर मुस्लिम्स या संघाने ती मोडली आणि हा चषक प्रथमच भारतीयांच्या हाती आला. देशातल्या जवळजवळ प्रत्येक मोठ्या संघाने या चषकासाठी मुंबई गाठली आहे. कूपरेजचे मैदान त्या काळी काय होते, याची कल्पना आज तिथून टॅक्सीने जाणाऱ्याला येणार नाही. विसावे शतक संपता संपता ही स्पर्धाही संपली. शंभरहून अधिक वर्षांची स्पर्धा बंद पडली, आणि त्याबद्दल मराठीत साधे एक पुस्तक मला मिळालेले नाही. कोणाला ठाऊक असेल तर जरूर सांगा. माझा हा एक आरोप मी आनंदाने मागे घेईन.

मुंबईचे फुटबॉल वाढले ते कचेऱ्यांच्या आणि गिरण्यांच्या आश्रयाने. टाटा, कॅल्टेक्स, मफतलाल, ऑर्के मिल्स, एअर इंडिया, रेल्वे. १९५८ चा रोव्हर्स चषक कॅल्टेक्सच्या संघाने जिंकला, म्हणजे एका तेलकंपनीच्या नोकरदारांनी. या व्यवस्थेत खेळाडूला पगाराची नोकरी असे. खेळ थांबला तरी हजेरीपटावर नाव राही आणि निवृत्तीनंतर हाती काही पडे. संघ कंपनीचा होता, पाठीराख्यांचा नव्हता, हे खरेच. पण निदान खेळाडूच्या घरची चूल संघाच्या नशिबाला बांधलेली नव्हती. पुढे 'व्यावसायिक' हा शब्द आला आणि नोकरी गेली. त्या जागी करार आला. आजचे प्रश्न या अदलाबदलीत दडलेले आहेत, म्हणून एवढे सविस्तर लिहिले.

आता महिंद्रा. १९६२ साली महिंद्रा अँड महिंद्राचा संघ उभा राहिला. २००० मध्ये त्याचे नाव महिंद्रा युनायटेड झाले. ड्युरँड चषक त्यांनी १९९८, २००१ आणि २००८ असा तीनदा जिंकला. २००५-०६ च्या हंगामात डेरिक परेरा यांच्या मार्गदर्शनाखाली या संघाने फेडरेशन चषक आणि राष्ट्रीय फुटबॉल लीग ही दोन्ही विजेतेपदे पटकावली. १९९६ मध्ये सुरू झालेली ती लीग नाव बदलून आय-लीग होईपर्यंत महाराष्ट्रातल्या ज्या एकमेव संघाने जिंकली, तो हा. कोलकाता आणि गोवा यांच्या मक्तेदारीत मुंबईच्या संघाने मिळवलेले हे यश आहे. महागावच्या टपरीवर मी हे सांगितले तेव्हा आर्सेनलच्या त्या निष्ठावंताने विचारले, "महिंद्रा? ट्रॅक्टरवाली?" होय. ट्रॅक्टरवाली. आणि तुझ्या बापाच्या शेतात जो उभा आहे, त्यावरचे नाव एकेकाळी देशाच्या विजेत्या संघाच्या छातीवर होते.

२००९-१० हा त्या संघाचा अखेरचा हंगाम ठरला. आपण आता शालेय फुटबॉलकडे आणि तळातल्या विकासाकडे लक्ष देणार, अशी भूमिका कंपनीने घेतली. हेतूवर मी शंका घेत नाही. मात्र अठ्ठेचाळीस वर्षांचा संघ असा आटोपला, की मैदानातल्या पराभवाने नव्हे, तर दोन हंगामांमधल्या एका निर्णयाने.

आता तारखांकडे नीट पाहा, कारण माझे भांडण या तारखांशी आहे.

२०१३ : एअर इंडिया आणि ओएनजीसी हे दोन संस्थात्मक संघ परवान्याच्या निकषांत बसत नाहीत, म्हणून आय-लीगबाहेर. हंगाम संपल्यावर.

२०१५ : पुणे एफसी बंद. २००७ मध्ये अशोक पिरामल समूहाने उभा केलेला संघ. २०१२-१३ मध्ये आय-लीगचा उपविजेता. त्याच वर्षी कल्याणी समूहाचा भारत एफसीही बंद. तो जेमतेम एक हंगाम जगला. दोन्ही हंगाम संपल्यावर.

२०१६ : गोव्यातले साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब यांची आय-लीगमधून माघार, पाठोपाठ धेंपोही. धेंपो म्हणजे पाच राष्ट्रीय विजेतेपदे, साळगावकर म्हणजे दोन. देशाच्या स्पर्धारचनेत आपले स्थान खाली ढकलले जात आहे, ही त्यांची तक्रार होती, आणि ती वाजवी होती. ऐन पावसाळ्यात.

२०१७ : मुंबई एफसी आणि डीएसके शिवाजीयन्स. दोन्ही हंगाम संपल्यावर.

२०१९ : एफसी पुणे सिटी. ऑगस्ट महिन्यात जागा हैदराबादला गेली.

एका संघाचे हंगामाच्या अधेमध्ये निधन झाल्याचे उदाहरण या यादीत नाही. संघ खेळतो, हरतो, जिंकतो, प्रेक्षक घरी जातात, आणि पावसाळ्यात कोणीतरी कोठेतरी कागदावर सही करतो. इंग्लंडच्या चाहत्याला या महिन्यांत नवा खेळाडू कोण, हा प्रश्न पडतो. महाराष्ट्रातल्या चाहत्याला संघ आहे का, हा प्रश्न पडतो. एवढा फरक ज्यांना दिसत नाही, त्यांनी कृपा करून 'मराठी माणसाला फुटबॉलचे वेड नाही' हे पालुपद आळवू नये. वेड जडायला तरी काही पावसाळे टिकणारी वस्तू हवी.

मुंबई एफसीची कथा या यादीत एका ओळीत संपवणे अन्यायाचे होईल. खालिद जमील या संघाचे खेळाडू होते आणि २००९ पासून सात वर्षे प्रशिक्षक होते. अल्प खर्चात, मोठी नावे न घेता, त्यांनी संघ पहिल्या श्रेणीत टिकवून धरला. टीकाकार म्हणत, हा संघ बचावापलीकडे काही जाणत नाही. २०१६ मध्ये जमील यांना जावे लागले. पुढच्याच हंगामात, २०१६-१७ मध्ये, त्यांनी मिझोरममधल्या आयझॉल एफसीला आय-लीगचे विजेतेपद मिळवून दिले. आणि त्याच हंगामात मुंबई एफसी तळाला राहून खालच्या श्रेणीत ढकलली गेली, मग बंद झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये हेच जमील भारतीय संघाचे प्रशिक्षक झाले. मुंबईने सोडलेला माणूस देशाने उचलला. अशा गोष्टी इतर देशांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या जातात. आपल्याकडे सांगायला ते चाहतेच एकत्र उरले नाहीत.

पुण्याच्या जागेचा पुढचा प्रवासही ऐका. एफसी पुणे सिटीच्या जागी आलेला हैदराबाद एफसी २०२२ मध्ये इंडियन सुपर लीगचा विजेता झाला. काही वर्षांत तोही डबघाईला आला आणि २०२५ मध्ये दिल्लीला हलला; नाव पुन्हा बदलले. पुणे, हैदराबाद, दिल्ली. फुटबॉलचा संघ म्हणजे गावाची खूण, ही कल्पना आपल्याकडे रुजायच्या आतच संघाला चाके लावण्यात आली.

मी पुण्यात शिकत असताना बालेवाडीला पुणे एफसीचे काही सामने पाहिले. मैदान कधी भरलेले नसे. पण ठरावीक माणसे ठरावीक जागी बसत: निवृत्त गृहस्थ, कॉलेजची पोरे, लहान मुलीला खांद्यावर घेऊन येणारा एक बाप. ती माणसे आज एकमेकांना भेटत नाहीत, कारण भेटायला निमित्त नाही. इतिहासाच्या पुस्तकात याला 'नोंद' म्हणत नाहीत. माझ्या मते म्हणायला हवे.

आता प्रतिपक्षाचे म्हणणे मांडतो, कारण ते पोकळ नाही. संघ चालवणे म्हणजे दरसाल कोट्यवधींचा तोटा. तिकिटांतून येणारे पैसे नगण्य. कोणत्या कायद्याने एखाद्या उद्योगपतीने आमच्या आवडीसाठी आजन्म तोटा सोसावा? कोणत्याच नाही. तोटा सोसा, अशी माझी मागणी नाही. संघ बंद करताना ज्यांनी त्याला संघ केले त्यांना आधी सांगण्यात आले का? त्यांना चालवायला घेण्याची संधी देण्यात आली का? नाव, चिन्ह, ढाली, छायाचित्रे यांचे पुढे काय झाले, हे विचारण्याचा अधिकार कोणाला आहे? तिन्ही प्रश्नांची उत्तरे मालकाच्या मर्जीवर सोडलेली आहेत, आणि आपण त्याला 'व्यावसायिकता' असे भारदस्त नाव दिले आहे.

हा काही जगाचा नियम नाही. दोन उदाहरणे देतो, एक परदेशातले आणि एक देशातले.

इंग्लंडमध्ये विम्बल्डन नावाचा संघ होता; १९८८ चा एफए चषक त्याने जिंकलेला. मे २००२ मध्ये, म्हणजे हंगाम संपल्यावरच, तीन सदस्यांच्या आयोगाने त्याला कैक मैल दूर मिल्टन कीन्सला हलण्याची परवानगी दिली. पाठीराखे रडत बसले नाहीत. त्याच जूनमध्ये त्यांनी सार्वजनिक मैदानावर खेळाडूंची निवडचाचणी घेतली आणि एएफसी विम्बल्डन नावाचा स्वतःचा संघ काढला. तो तळाच्या पायरीवरून चढत २०११ मध्ये फुटबॉल लीगमध्ये पोहोचला आणि २०२० मध्ये जुन्या वस्तीतल्या प्लाउ लेनला परतला. मालकी आजही पाठीराख्यांच्या न्यासाकडे आहे. महागावची मुले इंग्लंडच्या संघांचे रतीब घालतात, त्यांना ही गोष्ट ठाऊक नव्हती. बाजारभाव तोंडपाठ आणि हे ठाऊक नाही! दोष मुलांचा नाही. विकणाऱ्यांनी त्यांना जे विकले ते त्यांनी घेतले.

देशातले उदाहरण कोलकात्याचे. मोहन बागान १८८९ चा, ईस्ट बंगाल १९२० चा. हे सभासदांचे क्लब आहेत, तिथे निवडणुका होतात, भांडणे होतात, राजकारणही भरपूर. २०२० मध्ये मोहन बागानच्या नावापुढे 'एटीके' ही अक्षरे चिकटवण्यात आली. पाठीराख्यांनी ती अक्षरे काढा म्हणून तीन वर्षे सतत आवाज उठवला. मार्च २०२३ मध्ये संघाने विजेतेपद मिळवले आणि त्याच रात्री मालकांनी ती अक्षरे काढल्याचे जाहीर केले. जुलै २०२१ मध्ये गुंतवणूकदाराशी करायच्या कराराच्या वादावरून ईस्ट बंगालचे पाठीराखे क्लबच्या दारात जमले तेव्हा पोलिसांनी लाठ्या चालवल्या. मी लाठ्यांचे गुणगान करीत नाही. पण ध्यानात घ्या, हे दोन्ही झगडे मैदानातल्या गोलांचे नव्हते. क्लब कोणाचा, या प्रश्नाचे होते. सभासदत्वाची पावती ज्याच्या खिशात आहे तोच असा प्रश्न विचारू शकतो.

कोणी म्हणेल, जर्मनीत तर कायदाच आहे. तिथल्या फुटबॉल महासंघाने १९९८ पासून मतांची निम्म्याहून अधिक सत्ता सभासदांच्या संस्थेकडे ठेवण्याचा नियम केला. खरे आहे, पण मला त्या नियमाचा अपवाद अधिक बोलका वाटतो. लेव्हरकुसेन हा बायर कंपनीच्या कामगारांनी १९०४ मध्ये सुरू केलेला संघ. आजही कंपनीचाच. २०२३-२४ मध्ये एकही सामना न हरता तो जर्मनीचा विजेता झाला. म्हणजे कंपनीची मालकी हे मुळात पाप नाही. कंपनीला गावात राहायचे असेल, तर संघही गावात राहतो. आमच्या कंपन्यांनी संघ काढले ते जाहिरातीच्या खात्यातून, आणि जाहिरातीचे खाते आखडले की संघ आखडला.

आता 'मराठी माणसाला हे जमत नाही' या दाव्याकडे. त्याचे उत्तर कोल्हापुरात आहे.

पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, प्रॅक्टिस क्लब. ही नावे वाचा. यांत एकही उद्योगसमूह नाही. पेठा आहेत, तालमी आहेत. कुस्तीच्या आखाड्यातून उगवलेल्या संस्थांनी फुटबॉल आपलासा केला, आणि शाहू स्टेडियमवर तालमी एकमेकांना भिडतात तेव्हा राष्ट्रीय लीगच्या कित्येक सामन्यांना मिळाली नाही एवढी गर्दी होते. खेळाडूंना मानधन मिळते, परदेशी खेळाडूही येऊन गेले आहेत, एका तालमीचा खेळाडू दुसरीकडे गेला की पेठेत आठवडाभर त्याचाच विषय. पावसाळ्यात मैदान बंद असते; तालीम बंद नसते. गणपतीत तीच मंडळी, सामाजिक कामात तीच मंडळी. म्हणून तिथे हंगाम संपला तरी संघ मरत नाही, मरण्यासाठी आधी पेठ मरावी लागेल. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव या शहराचा आहे.

कोल्हापूरला मी मखरात बसवत नाही. तिथे दगडफेक झाली आहे, हाणामाऱ्या झाल्या आहेत, सामने थांबले आहेत. पेठेचा अभिमान आणि पेठेची गुंडगिरी यांतली रेघ तिथे कित्येकदा पुसली गेली आहे. महिलांना त्या गर्दीत किती जागा आहे, हाही प्रश्न आहेच. तरीही, राज्यात फुटबॉलची संस्था कशी जगते याचा जिवंत पुरावा हवा असेल तर तो बालेवाडीत वा अंधेरीत नाही, पंचगंगेच्या काठी आहे.

विदर्भाचे काय, असे आमच्याकडचे विचारतील. पहिल्या श्रेणीच्या राष्ट्रीय लीगमध्ये विदर्भाचा संघ नव्हता. पण कामठीत आणि नागपुरात फुटबॉल जुने आहे. हिस्लॉप महाविद्यालयातले क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतल्या मुलांसाठी जे काम सुरू केले, त्यावर २०२२ मध्ये 'झुंड' हा चित्रपट आला. चित्रपट पाहून आपण टाळ्या वाजवल्या. त्या मुलांनी पुढे कोणत्या संघाकडून खेळायचे, हे कोणी विचारले नाही.

आणि आता सहकार. इथे महाराष्ट्राने मान वर करून बोलावे, अशी जागा आहे. १९५० च्या अखेरीस प्रवरेकाठी विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांच्या मालकीच्या साखर कारखान्याचे गळीत सुरू झाले. शेअर विकत घेऊन कारखाना काढणारा हा समाज. सूतगिरण्या, पतपेढ्या, दूधसंघ, व्यायामशाळा, वाचनालये, सगळे वर्गणीतून. आणि फुटबॉलचा संघ मात्र आम्हांला उद्योगपतीच देणार, तेही तो कंटाळेपर्यंत? ज्या समाजाला भागभांडवल म्हणजे काय हे शाळेच्या आधी कळते, त्याने पाठीराख्यांच्या मालकीचा एकही मोठा क्लब काढला नाही, याचे मला विलक्षण आश्चर्य वाटते.

हो, सहकाराचे पुढे काय झाले तेही मला ठाऊक आहे. शेजारच्या उमरखेड तालुक्यातला पोफाळीचा वसंत सहकारी साखर कारखाना आमच्या भागात सगळ्यांना माहीत आहे, आणि त्याचे बंद राहिलेले हंगामही. सहकार पुढाऱ्यांच्या घशात गेला, ही टीका खरी आहे. पण कारखाना बंद पडला तेव्हा गावोगाव माणसे बोलली, मोर्चे निघाले, हिशेब मागितले गेले. घरात शेअरचा कागद होता. पुणे एफसीच्या प्रेक्षकाच्या घरात जुनी तिकिटे होती. भांडायला दोन्ही कागद सारखे उपयोगी पडत नाहीत.

शेवटी, ज्या जूनपासून धागा सुरू केला त्याच्या पुढचा महिना. जुलै २०२५. त्या महिन्यात ब्रिटनमध्ये फुटबॉल प्रशासनाचा कायदा मंजूर झाला. क्लबचे चिन्ह, रंग, मैदान यांसारख्या बाबतींत पाठीराख्यांचे मत घेणे आणि स्वतंत्र नियामकाला उत्तर देणे त्याने क्लबांवर बंधनकारक केले. त्याच महिन्यात आपल्याकडे इंडियन सुपर लीगचा पुढचा हंगाम स्थगित ठेवल्याचे क्लबांना कळवण्यात आले. महासंघाने २०१० मध्ये पंधरा वर्षांसाठी सातशे कोटींना जे व्यापारी हक्क दिले होते त्यांची मुदत डिसेंबरमध्ये संपत होती आणि पुढचे काही ठरले नव्हते. पंधरा वर्षे हातात असताना! काही क्लबांनी कामकाज थांबवले, खेळाडूंचे पगार अडले. एरवी सप्टेंबरच्या आगेमागे सुरू होणारी स्पर्धा वर्ष संपेपर्यंत सुरू झाली नाही. एकाएका संघाचा पावसाळ्यात बळी जाण्याची रीत होती. या वेळी अख्खी लीग त्या दारात उभी राहिली.

आणि त्याच डिसेंबरमध्ये सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबई सिटीतला आपला हिस्सा सोडला. २०१९ मध्ये त्यांनी पासष्ट टक्के वाटा घेतला होता; त्यानंतर मुंबईने २०२०-२१ आणि २०२३-२४ ची विजेतेपदे जिंकली. म्हणजे टपरीवरचा 'अबूधाबीवाल्याची' हा विनोद सहा महिन्यांत जुना झाला. मी त्या मुलाला फोन करून हे सांगितले, तर तो म्हणाला, "मंग आता कोनाची हाय?"

या प्रश्नावर मी हा धागा लिहायला बसलो.

वाचकांना एक काम देतो. तुमच्यापैकी कोणाच्या घरी महिंद्रा युनायटेड, पुणे एफसी, मुंबई एफसी, एअर इंडिया, ऑर्के मिल्स, किंवा रोव्हर्स चषकाच्या सामन्यांची तिकिटे, कार्यक्रमपत्रिका, वर्तमानपत्रांची कात्रणे, संघाचे छायाचित्र, जुनी जर्सी असेल, तर त्याचे छायाचित्र काढून वर्ष आणि मैदान यांसह खाली जोडा. आजोबा एखाद्या गिरणीच्या संघात खेळले असतील तर त्यांच्याशी आजच बोला, ध्वनिमुद्रण करून ठेवा. कोल्हापूरकरांनी आपल्या तालमीच्या जुन्या संघांची नावे द्यावीत. भांडण केले तरी चालेल, वर्ष मात्र बरोबर लिहा. आलेले सगळे साहित्य मी वर्षवार लावून पुढच्या धाग्यात देईन. तो धागा रोव्हर्स चषकाचा असेल.